सुकापूरचे दोन डबे

माझ्या नवऱ्याच्या मते मला संशयाचा आजार आहे. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला की मी तो उचलून, हलवून बघते. दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवते. एकदा पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांचा मी आधी वास घेतला आणि मग बशी पुढे केली, तेव्हा हा माणूस चारचौघांत म्हणाला, "हिला पोलिसात घ्यायला हवं होतं, चुकून माझ्या गळ्यात पडली." सगळे हसले. हसा म्हटलं. पेढे आंबले होते ते कुणी बोललं नाही.

आणि खरं सांगू का, दोन हजार दहाच्या आगेमागे पनवेलमध्ये संशय न घेणारा माणूस म्हणजे एकतर लहान मूल, नाहीतर परगावचा पाहुणा. विमानतळ येणार, येणार म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. चहाच्या टपरीवर शेजारी उभा राहिलेला साधा माणूस दोन घोटांत जमिनीचा एजंट निघायचा. गावांमधून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलताना आधी मागे वळून बघायचे. आमचं त्यात काही नव्हतं. मी लग्न होऊन न्यू पनवेलला आलेली, नवरा तळोज्याला कारखान्यात, आणि आमची जमीन म्हणाल तर बाल्कनीतल्या कुंड्यांपुरती. तरीही हवेतच होतं ते. श्वास घेतला की संशय आत.

मी तेव्हा घरून जेवणाचे डबे द्यायचे. हॉस्पिटलातल्या नर्सेस, बँकेतली बदलीवर आलेली मंडळी, एकटे राहणारे इंजिनिअर. सकाळी स्वयंपाक उरकायचा, डबे भरायचे, स्कूटीला पुढे-मागे पिशव्या लटकवायच्या आणि दुपारच्या आत सगळ्यांना पोचवून आदल्या दिवशीचे रिकामे डबे घेऊन यायचं. एवढ्या डब्यांत एकसुद्धा डबा मला कधी अनोळखी वाटला नाही. रिकामा डबा उघडला की माणूस कळतो. कुणी कारलं न खाता पोळीखाली लपवून परत पाठवतं, कुणी वाटी चाटून पुसून ठेवतं. एक नर्स तर लोणच्याची कोय परत पाठवायची. का, ते देवाला ठाऊक.

थंडीच्या सुरुवातीला एक माणूस दारात आला. पस्तिशीचा, कडक इस्त्री, गोड बोलणं. एका वाक्यात तीनदा ताई म्हणाला. जो माणूस एका वाक्यात तीनदा ताई म्हणतो त्याच्याकडे मी जरा तिरक्या नजरेनंच बघते. सुकापूरला नवीन बिल्डिंग झालीय, तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन डबे रोज हवेत, म्हणाला. "आम्ही दोघं मित्र राहतो. साइटचं काम आहे."

"काय खाता?" मी विचारलं.

"सगळं. फक्त भाकरी तांदळाची द्या, मऊ. तिखट बेताचं. आणि मासळी करता ना? खाडीची मिळाली तर उत्तम."

"मऊ भाकरी? दातबित पडलेत की काय दोघांचे?"

तो हसला. मित्राला ॲसिडिटी आहे म्हणाला. आता ॲसिडिटीचा आणि मऊपणाचा काय संबंध? पण गिऱ्हाईकाला इतकं खोदायचं नसतं. जाताना त्यानं एकच अट घातली. बेल वाजवायची, डबे द्यायचे, थांबायचं नाही.

सुकापूरची ती बिल्डिंग अर्धी रिकामीच होती. लिफ्टच्या जागी नुसतं भोक, त्याला फळ्या ठोकलेल्या. जिन्यात सिमेंटचा वास. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली की दुसराच एक जण दार उघडायचा. चांगला उंच, धिप्पाड, गालात कायम गुटखा. तो कधी पूर्ण दार उघडायचा नाही. फटीतून हात बाहेर, डबे आत, रिकामे बाहेर, धाड. गोड बोलणारा त्यानंतर तिथे मला एकदाही दिसला नाही. दोघं मित्र राहतात म्हणे!

पहिल्या आठवड्यातच त्या दोन डब्यांत मला फरक दिसला. एक डबा यायचा तो लडबडलेला, आत सिगारेटची राख, एकदा तर काडेपेटीच कोंबलेली. दुसरा मात्र घासून, पुसून, लख्ख. म्हटलं असेल एखादा नीटनेटका. मग एक दिवस तो लख्ख डबा धुवायला घेतला आणि खालच्या खणात काहीतरी खरखरलं. बघते तर साखर. चिमूटभर, मधोमध ठेवलेली.

आधी वाटलं सांडली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर. त्याच्या पुढच्या दिवशी साखर नव्हती, चार तांदळाचे दाणे होते. मग पुन्हा साखर. मी हातातला डबा तसाच धरून ओट्यापाशी उभी राहिले आणि मनात पाल चुकचुकली.

तुम्ही म्हणाल, साखरेत काय एवढं? अहो, भांडं रिकामं परत करू नये हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? शेजारणीनं वाटीतून खीर दिली की ती वाटी धुऊन तशीच परत करायची नाही, आत काहीतरी घालायचं, काही नसेल तर चिमूटभर साखर. माझी आई तर अशा बाबतीत इतकी कडक होती की घरात साखर संपली म्हणून तिनं एकदा वाटीत मिठाचा खडा ठेवला होता आणि मग स्वतःच हसत बसली होती. पण हे शेजारपाजारचं, नात्यातलं. महिन्याच्या डब्यात कोण साखर घालतं? माझ्या एवढ्या गिऱ्हाइकांत कुणी घातली नाही, घालणारही नाही. गिऱ्हाईक पैसे देतं, विषय संपला.

म्हणजे त्या फ्लॅटमध्ये एक बाई होती. बाईच, आणि वयानं चांगली मोठी. आणि तिला हा डबा कुठून येतो ते माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं कुणाच्या तरी घरून तिला प्रेमानं जेवण येतंय.

मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं पेपरातून मान वर न करता विचारलं, "साखर खराब होती का?"

"नाही."

"मग?"

असा माणूस! त्याला वाटलं माझा आजार वाढला. मी मात्र पुढचे दिवस त्या डब्यावर डोळा ठेवला. भाकरीच्या कडा परत यायच्या, मधलं मऊ तेवढं खाल्लेलं. म्हणजे दात नाहीत. मांदेली पाठवली तर काटे असे सोलून निघालेले की मांजरानंही तोंड लावू नये. म्हणजे खाडीकाठचं माणूस. एका सोमवारी घाईत त्या दोन डब्यांतही कोळंबी गेली. राखेच्या डब्यातली फस्त, लख्ख डब्यातली कोळंबी जशीच्या तशी परत, वर झाकण घट्ट. सोमवार पाळणारी, खाडीकाठची, बिनदाताची म्हातारी, आणि दारात तो गुटखेवाला. मला घास गोड लागेना. कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी आत बसलीय आणि मी रोज तिच्या दारावरून स्कूटी वळवून परत येतेय, हेच डोक्यात.

एकदा मी गुटखेवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात कोणी बाईमाणूस आहे का हो? भांडी फार छान घासतं कुणीतरी."

त्यानं गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "नाय. आमी दोगंच." आणि धाड.

तेव्हा मला दिसलं की दाराला बाहेरून कडी होती, आणि कडीत नवंकोरं कुलूप अडकवलेलं. उघडं, पण अडकवलेलं. आतून लॅच असलेल्या दाराला बाहेरून कुलूप कोण लावतं? जो आत कुणाला तरी ठेवून बाहेर जातो तो.

संक्रांतीनंतर मी ठरवलं की बस झालं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला कुठलंही दार उघडतं, कुणी अडवत नाही. चांगली साडी नेसले, गजरा घातला, ताटात हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून एक चहाची गाळणी घेतली. डब्यांबरोबर ते ताट घेऊन तिसरा मजला चढले. गुटखेवाल्यानं दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हळदीकुंकू आहे," मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. "बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना देतेय."

"हितं लेडीज नाय कोन."

आणि आतून आवाज आला. म्हातारा, घोगरा, चांगला ठणठणीत. "कोन हाय रं दारान? तिला आत तं बोलव!"

तो गडबडला. "टीव्ही चालू हाय," म्हणाला.

"टीव्ही मला आत बोलावतोय?"

दार माझ्या नाकावर आपटलं. ताटातलं हळदीकुंकू माझ्या साडीवर सांडलं. मी जिना उतरले ती पळतच. खाली येऊन स्कूटीला घराचीच किल्ली लावत बसले. भीती वाटत होती आणि त्याच वेळी, कसं सांगू, आतून उकळ्याही फुटत होत्या. माझं खरं निघालं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेलेला, मुलगी शाळेत. मी पोळ्या लाटत होते, पुढचं दार उघडं. वळून बघितलं तर गोड बोलणारा माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा. बेल नाही, हाक नाही.

"पाणी देता का, ताई?"

मी पाणी दिलं. लाटणं हातातच ठेवलं. तो खुर्ची ओढून बसला, सावकाश पाणी प्यायला, तव्यावरच्या पोळीकडे बघत म्हणाला, "करपतेय." मी पोळी उलटली. माझ्याच घरात मी त्याचं ऐकत होते.

"ताई, उद्याचे शेवटचे डबे द्या. परवापासून बंद. आमचं काम झालं."

"कसलं काम?"

"साइटचं." तो हसला. मग भिंतीवरच्या फोटोत माझी मुलगी होती तिच्याकडे बघत राहिला. "क्लासला चालत जाते ना ही? संध्याकाळची? कॉलनीत हल्ली डंपर फार येतात. आपण आपल्या पोराबाळांकडे बघावं, ताई. दुसऱ्यांच्या घरात कोण बोलतं, टीव्ही की माणूस, कशाला डोक्याला ताप?"

त्यानं पेला बेसिनमध्ये नेऊन ठेवला, स्वतः विसळला, आणि गेला. मी खाली बसले. पोळी जळून कोळसा झाली तरी उठवेना. माझ्या लेकराचं नाव न घेता त्यानं मला तिच्याबद्दल जे सांगितलं ते मी आजही विसरलेले नाही. मेल्याचा आवाज शेवटपर्यंत गोड होता.

थोड्या वेळानं भीती उतरली आणि राग चढला. डबे पोचवून मी तशीच पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "बाई ओरडल्या का? वाचवा म्हणाल्या?"

"नाही. आत बोलव म्हणाल्या."

"आणि पुरावा काय?"

"डब्यात साखर होती."

बाजूच्या टेबलावरचा एक जण खोकल्यासारखं करून हसला. साहेब हसले नाहीत, पण नाव-पत्ता नसलेल्या बाईची तक्रार कशी घ्यायची, असं म्हणाले. कुणी हरवल्याची नोंद असेल तर नातेवाइकांना घेऊन या. त्यांचंही चुकलं असं म्हणता येईना. माझ्याकडे होतं काय? भाकरीच्या कडा आणि माशाचे काटे.

नातेवाईक कुठून आणायचे? उरण नाक्याच्या मासळी बाजारात मी ज्या आगरी मावशीकडून वर्षानुवर्षं मासे घ्यायचे तिच्यासमोर जाऊन मी बसले. मावशी गव्हाणची. पाटीभर मासे आणि पाटीभर बातम्या रोज घेऊन यायची. मी तिला सगळं सांगितलं, साखरेपासून कुलपापर्यंत. बोंबील साफ करता करता ती ऐकत होती. म्हातारीचा आवाज कसा होता ते सांगितलं तेव्हा कोयती थांबली.

"कोलबी सोमवारची परत आली?"

"हो."

"आन् डब्यान साकर?" तिनं कपाळावर हात मारला, मासळीचा ओला. "अगो, ती आमचेच आलीतली म्हातारी हाय! पोरगा नाय तिला, एकच लेक, बेलपाड्याला दिलेली. भाचा डोल्यांचे ऑपरेशनला घेऊन गेला दिवालीनंतर. लेकीला सांगतो, काशीला धारलीय यात्रेला. येवरे दिवस काशी आस्ते काय?"

"पण तो तिला ठेवेल कशाला?"

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कालच पनवेलला आलेय. "प्लॉट भेटलाय तिला सरकारकरना, गेलेले जमिनीचे बदल्यान. अंगठा घेतला का संपला सगला. मंग म्हातारीला सोडतील रस्त्यावर."

आता कळलं. तो गोड बोलणारा म्हणजेच भाचा, आणि "आमचं काम झालं" म्हणजे उद्या अंगठा. उद्याच्या डब्यानंतर ती म्हातारी त्या फ्लॅटमध्ये नसणार आणि तिच्या नावावरही काही नसणार. मावशीनं तिथूनच फोन लावला. पलीकडून म्हातारीच्या लेकीचं रडणं मला इथे ऐकू येत होतं. सकाळी दहाला सुकापूरच्या नाक्यावर भेटायचं ठरलं.

रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा या वेळी त्यानं पेपर खाली ठेवला. आधी माझ्यावर ओरडला, खूप ओरडला. सकाळी मुलीला स्वतः मामाकडे सोडून आला आणि म्हणाला, "मी बिल्डिंगच्या खाली उभा राहतो. पण वर तूच जा. मला बघून तो दार उघडणार नाही." लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं माझ्या संशयावर ठेवलेला हा पहिला विश्वास. मला रडूच आलं, पण डबे भरायचे होते.

दहाला म्हणता म्हणता साडेअकरा झाले. बेलपाड्याहून लेक आली, गव्हाणहून मावशी आली, आणि मावशीबरोबर टेम्पो भरून बायका. मी दोघी-तिघींची अपेक्षा केली होती. ह्या सगळ्या कमरेला पदर खोचून, नाकात नथी, जणू हळदीलाच निघाल्यात. त्यांना जिन्यात गप्प ठेवणं हेच मोठं काम झालं. मी ओठांवर बोट ठेवून पुढे, त्या मागे, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दाटीवाटीनं उभ्या. मी वर जाऊन बेल वाजवली. हातात दोन डबे, गरम.

बराच वेळ कुणी येईना. गेले की काय? मग लॅचचा आवाज झाला, फट पडली आणि गुटखेवाल्याचा हात बाहेर आला. मी डबे दिले नाहीत. पाय फटीत घातला आणि ओरडले, "या गो!"

पुढचं काय वर्णन करू? त्या बायका जिन्यावरून अशा चढल्या की तो धिप्पाड माणूस दारासकट मागे गेला. एकीनं त्याची गचांडी धरली, एकीनं त्याचा मोबाईल काढून घेतला, मावशीनं त्याला अशा शिव्या घातल्या की त्यातल्या निम्म्या मी पहिल्यांदाच ऐकत होते. गोड बोलणारा नव्हता. मी आणि लेक आतल्या खोलीत धावलो.

मी काय काय डोळ्यांसमोर आणलं होतं! बांधलेले हात, वाळलेलं तोंड, भेदरलेले डोळे. आत पलंगावर मांडी घालून म्हातारी बसली होती. नवीन हिरवं लुगडं, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, अंगावर चांगलं मूठभर मांस चढलेलं. आम्हाला बघून दचकलीसुद्धा नाही.

"आलीस?" ती लेकीला म्हणाली. "वरीस झाला तुजा तोंड बगून. आज वेल भेटला?"

लेक तिच्या पायांशी कोसळली. रडता रडता तिनं आईचे हात धरले आणि एक हात उजेडाकडे वळवला. म्हातारीच्या डाव्या अंगठ्यावर शाई होती. जांभळी, ताजी. मघाशीच तिला गाडीतून नेऊन आणलं होतं. आम्ही सगळे, नवरासुद्धा, नाक्यावर टेम्पोची वाट बघत होतो तेव्हा.

"बय, कशावं अंगठा दिलास?"

"दिला." म्हातारी ठामपणे म्हणाली. "माजे मर्जीनं दिला. भाच्याचे बायकोला दिली जमीन."

"भाच्याचे बायकोला? तिला तू कवा बगितलीस तरी?"

"नाय बगितली. बालंतीन हाय, बाहेर येत नाय. पन रोज मना जेवान करून धारते. माजे दात नाय ते तिला ठावं. भाकर मऊ, कालवन बेताचा. सोमवारची एकदा चुकली, पन पोर लहान हाय, चुकते. येवरा तं मना पोटचे पोरीनं नाय केला."

बाहेरच्या खोलीतला आरडाओरडासुद्धा मला लांब गेल्यासारखा वाटला. मी भिंतीला टेकले. ज्या भाकरीसाठी मी पीठ दोनदा चाळायचे, ती भाकरी भाच्यानं ह्या म्हातारीला रोज भरवली होती, बायकोचं नाव लावून. कुलूप नुसतं दाराला होतं. म्हातारीला त्यानं माझ्या हातच्या चवीनं धरून ठेवलं होतं. मला त्या क्षणी स्वतःच्या हातांची शिसारी आली.

कज्ज्याचं इथेच सांगून टाकते. पोलीस आले, या वेळी आले, पण कुणी मारलं का, उपाशी ठेवलं का, या प्रत्येक प्रश्नाला म्हातारी नाय म्हणत गेली. डोळ्याचं ऑपरेशन त्या भाच्यानं खरंच केलं होतं. पुढे गावकीनं बैठक बसवली, भाच्याला उभा केला, आणि त्याच कागदात घुसवलेलं म्हातारीचं राहतं घर आणि भोवतालची जागा तेवढी सुटली. प्लॉट तोपर्यंत तिसऱ्याच माणसाकडे गेला होता. तो कोर्टात अडकला तो अडकलाच. मला नंतर कुणी धमकावलं नाही. नवरा मात्र कितीतरी महिने मुलीला क्लासला सोडायला जायचा.

पण त्या खोलीत, त्या दुपारी, लेकीनं मान वर केली आणि माझ्याकडे बोट केलं. "बय, जेवान ही बाई करते. भाच्याची बायको नाय. ही."

म्हातारीनं काळा चष्मा काढला. नवे झालेले तिचे डोळे पाणावलेले, लालसर. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हातानं जवळ बोलावलं आणि माझा हात हातात घेऊन तळवा उलटासुलटा करून बघितला.

"तू करतेस? भाकर तू करतेस?"

"हो आजी."

"तू त्याची बायको नाय?"

"नाही."

"नात्यातली?"

"नाही आजी. मी तुम्हाला ओळखतसुद्धा नव्हते."

तिला काही जुळेना. भुवया आक्रसून तिनं विचारलं, "मंग तू मना जेवान कां धारत व्हतीस गो?"

सगळ्या बायका दारात जमून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी जे होतं ते म्हटलं. "त्यांनी डबा लावला होता, आजी."

म्हातारीनं लेकीकडे बघितलं. लेक पदरात तोंड घालून रडत होती. मग तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं, हात न सोडता, खरंच काही न कळून.

"लावला म्हंजे?"